दहिवराविना उतार

[पहाट. टेकडीचा उतार. दोन पोरं खांद्यावर बांबूच्या पट्ट्या घेऊन वर चढताहेत.]

जानेवारीचा दुसरा आठवडा, सकाळचे साडेसहा. एरवी या वेळेला सातपुड्याच्या पायथ्याशी कानाला मफलर गुंडाळल्याशिवाय कोणी उंबरा ओलांडत नाही. ही पोट्टी नुसत्या बनियनवर आहेत.

परतवाड्याच्या अलीकडे, संत्र्याच्या बागा संपतात आणि डोंगर अजून सुरू व्हायचा असतो, तिथली ही टेकडी. तिला नाव नाही. गाव तिला ‘ई-क्लास’ म्हणतं, म्हणजे सरकारी गायरान. गुरं इथे चरतात, पोरं इथे घसरतात. आधी युरियाच्या रिकाम्या गोणीवर घसरायची. गोणीत तुरीचं कुटार कोंबायचं, तोंड सुतळीनं शिवायचं, वर बसायचं आणि पाय उचलायचे, बस. मग कोणीतरी मोबाइलवर गुलमर्गच्या बर्फावरचं स्कीइंग पाहिलं, आणि गोणी अडगळीत गेली.

[बुरडाचं अंगण. विस्तव.]

आबाजींचा जन्म सुपं, टोपल्या आणि बंडीचे तट्टे विणण्यात गेला. बर्फ त्यांनी पाहिला तो लग्नातल्या सरबतात. स्की म्हणजे काय, हे त्यांनी पोरांना विचारलं नाही. लांबी विचारली.

बांबू ओला हवा, वाळलेला वाकवताना तडकतो. मानवेल भरीव आणि बारीक, त्याची पट्टी रुंद निघत नाही, म्हणून हा कटांग. कोयत्याचा एक घाव, मग बांबू आपल्याआपण फाटत जातो.

[निवेदन थांबतं. बांबू फाटल्याचा आवाज.]

आतल्या गाठी तासायच्या. बाहेरच्या सालीला मात्र कोयता लावायचा नाही. तिची चकाकी हीच घसरण, ती बाजू खाली. आता टोक. त्यावर ओलं फडकं, खाली निखारे. घाई केली तर जळतं, आळस केला तर वाकत नाही. आबाजी डोळ्यांनी बघत नाहीत, अंगठ्यानं दाबून बघतात. हा अंगठा बघा. टोक वर वळलं की खाटेच्या पायाखाली अडकवून रात्रभर ठेवायचं. सकाळी जवसाच्या तेलाचा हात फिरवला आणि सायकलच्या जुन्या ट्यूबचे पट्टे बांधले की जोडी तयार.

[उतार. गवताच्या काड्या जवळून.]

बर्फाचं काम इथे दहिवर करतं. थंडीतली रात्र निरभ्र असली की जमीन दिवसभराची ऊब आभाळाला देऊन टाकते, गवताची पाती गार पडतात आणि हवेतली वाफ त्यांच्यावर थेंब होऊन बसते. ओल्या, आडव्या पडलेल्या गवतावरून बांबू सुसाट जातो. यंदा बंगालच्या उपसागराकडून आलेल्या ओलाव्यानं रात्री ढगाळ. ढगांनी ऊब खालीच अडवून धरली. ही काडी कोरडीठाक आहे, आणि तिची कुसळं पोरांच्या पायजम्यात. याच विदर्भात २९ डिसेंबर २०१८ला नागपूरचा पारा ३.५ अंशांवर उतरला होता.

खऱ्या बर्फाचीही हीच गत. जानेवारी २०२४मध्ये गुलमर्गचे उतार बोडके होते. २०२५मध्ये तिथल्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा बर्फाअभावी फेब्रुवारीतून मार्चवर गेल्या. औलीला २०११च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी बर्फ पाडायची यंत्रं बसवली होती. पण त्या यंत्रांनाही थंडी लागतेच.

आमच्या पोरांच्या यंत्राला लागत नाही.

[पाठीवर फवारणी पंप घेतलेला मुलगा उतारावर पाणी मारतो.]

सोळा लिटरचा पंप, कपाशीवर मारतात तोच. हा नवाकोरा आहे, अजून औषध न भरलेला. आम्ही आधी ते विचारून घेतलं. २०१७मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन माणसं गेली, तेव्हापासून पंप दिसला की विचारायची सवय लागली आहे. पाणी खालच्या हौदातलं. सहा पंपांत उताराची एक पट्टी ओली होते. ऊन वर यायच्या आत तिच्यावरून चार-पाच फेऱ्या.

थंडीच नाही, गव्हाला फुटवे कमी आहेत. संत्र्याचा आंबिया बहार, म्हणजे हिवाळ्याअखेरची फुलं, पाण्याचा ताण आणि थंडी मागतो. बागेत फुलाऐवजी नवती, म्हणजे कोवळी पालवी, दिसते आहे.

[टेकडीची उगवती बाजू. लाल, उभी कापलेली.]

आणि ही टेकडीची दुसरी बाजू. इथेही उतार होता, मोठ्या पोरांचा. मुरूम गेला. कुठल्या रस्त्याखाली, कुठल्या प्लॉटमध्ये, ते गावात ज्याला विचाराल तो वेगळं सांगतो. टिप्पर रात्री येतात, आम्हाला ते टिपता आले नाहीत. चाकोऱ्या टिपल्या आहेत. वाळल्या नाहीत अजून.

कॅमेरा आता डावीकडे वळतो. जिथे गवत संपतं तिथे पऱ्हाट्यांचा, कपाशीच्या वाळल्या झाडांचा, ढीग आहे, कमरेएवढा. तो पोरांनी रचला आहे. घसरत आलेल्यानं त्यात शिरायचं आणि थांबायचं. ढिगापासून खड्ड्याची कड बारा पावलांवर आहे. आम्ही मोजली. गेल्या थंडीत ती किती दूर होती, हे पोरं हात पसरून दाखवतात.

[वरून हाक: “सरक बे!” बांबू गवतावरून येतो. पऱ्हाट्या मोडल्याचा आवाज. निवेदन नाही.]