आडवाटेनं आलेलं रक्त

नमस्कार, श्रोतेहो.

सतराव्या शतकात ऑक्सफर्डमध्ये थॉमस विलिस नावाचे डॉक्टर होते. त्यांनी एका माणसाचं शवविच्छेदन केलं. माणूस गेला होता पोटातल्या गाठीनं. पण पाहतात तर उजवी कॅरोटिड, म्हणजे मानेतून मेंदूकडे जाणारी मोठी धमनी, पार बुजलेली. दगडासारखी टणक. अशा माणसाला अर्धांगवायू व्हायला हवा. याला तर त्याचा मागमूसही नव्हता! मग रक्त येत होतं कुठून? विलिस शोधत गेले, तर त्याच बाजूची मणक्यांतून वर चढणारी धमनी दुसरीपेक्षा तिप्पट जाड झालेली. हमरस्ता बंद झाला, तशी आडवाट रुंद होत गेली. मेंदूच्या तळाशी धमन्यांचं एक कडं असतं, त्यातून इकडचं रक्त तिकडे जातं. विलिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका कॅरोटिडमध्ये रंगीत द्रव सोडून ते पडताळलंही. या कड्याला आजही विलिसचंच नाव आहे. त्यांच्या 1664 च्या ग्रंथासाठी चित्रं काढली क्रिस्टोफर रेन यांनी, पुढे वास्तुकार म्हणून गाजले ते. वैद्यकाच्या विद्यार्थ्याला चित्रकला सक्तीची हवी, असं मला मनापासून वाटतं. हातानं रेघ ओढल्याशिवाय डोळा नीट बघत नाही.

असो. हे कडं पुष्कळांमध्ये अपुरं असतं. मेंदूच्या पृष्ठभागावरही बारीक जोडवाहिन्या असतात, त्याही सगळ्यांना सारख्या नसतात. आडवाटा चांगल्या असतील तर मेंदूच्या धमनीत रक्ताची गुठळी अडकल्यावरही मेंदूचा काही भाग तग धरतो. म्हणून तर निवडक रुग्णांमध्ये माणूस शेवटचा धडधाकट दिसल्यापासून 24 तासांपर्यंतही गुठळी काढता येते. पण आडवाट फक्त वेळ मिळवून देते. पुन्हा सांगते, फक्त वेळ.

या वाटा रुंद करणारी खात्रीची गोळी अजून नाही. वय, वाढलेला रक्तदाब आणि मधुमेह त्यांना कमकुवत करतात. तेव्हा दाब आणि साखर आटोक्यात ठेवा, तंबाखू सोडा, रोज चाला.

आणि घरात कुणाचं तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला ती वेळ लिहून घ्या आणि थेट रुग्णालय गाठा. दाब वाढलेला दिसला तरी घरच्या घरी जादा गोळी देऊ नका. आडवाटेचं रक्त त्या दाबावरच पुढे सरकत असतं.