शशिकला: दुसऱ्या नंबरची मानकरी

मंडळी, जुन्या हिंदी सिनेमातल्या नटांची चुरस म्हटली की गाडी दिलीप-राज-देववर जाऊन थांबते. १९४९च्या ‘अंदाज’मध्ये राज कपूर दिलीपकुमारवर टेनिसची रॅकेट उगारतो, हे सगळ्यांना पाठ. दोघं मूळचे पेशावरचे, जुने दोस्त, हेही पाठ. त्यांच्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. सोलापुरात उभा राहून मी मात्र आपल्या जवळकरांच्या शशीबद्दल बोलणार.

शशिकला १९३२ची, जन्म इथलाच. वडिलांचा धंदा बुडाला, कुटुंब मुंबईला गेलं आणि काम शोधत फिरणाऱ्या या पोरीवर नूरजहाँची नजर पडली. नूरजहाँ तेव्हा केवढी मोठी! तिचे यजमान शौकत हुसेन रिझवी ‘झीनत’ करत होते. १९४५च्या त्या सिनेमातल्या बायकांच्या कव्वालीत शशीला जागा मिळाली. घरी गेल्यावर ती कव्वाली जरूर पाहा. त्याच घोळक्यात आणखी एक मुलगी आहे, श्यामा. दोघी एकाच बैठकीतून उठल्या. श्यामा १९५४ला गुरुदत्तच्या ‘आरपार’ची नायिका झाली. इकडे फाळणी झाली, नूरजहाँ पाकिस्तानात गेली आणि शशीच्या पाठीवरचा हात गेला. मिळेल ते काम करत राहिली बिचारी. लोक याला नशीब म्हणतात. मी म्हणतो, वशिला तुटला.

आता १९५९चा ‘सुजाता’ घ्या. नूतन त्या घरात वाढवलेली, शशिकला पोटची लेक. एकच तरुण दोघींच्या मधे. दुसऱ्या कुणाच्या हातात पडती तर ती रमा कजाग झाली असती. बिमल रॉयनी तसं होऊ दिलं नाही आणि शशिकलेनंही. त्यातलं बालपणाचं गाणं आठवा: शशिकला पियानोवर, नूतन बाहेर गुणगुणतेय. आशाबाई आणि गीता दत्त. एकीनं सूर धरायचा, दुसरीनं उचलायचा. कथेतल्या प्रतिस्पर्धी आहेत या, यावर विश्वास बसत नाही!

या भूमिकेला फिल्मफेअरचं नामांकन मिळालं. बक्षीस गेलं ललिता पवारांना, ‘अनाडी’तल्या प्रेमळ मिसेस डिसासाठी. गंमत बघा, खाष्ट सासू म्हणून सगळ्यांनी बोटं मोडली त्या ललिताबाई मायाळूपणात जिंकल्या; आणि चांगुलपणात हरलेल्या शशिकलेला बक्षिसं कशाची मिळाली? ‘आरती’त मीनाकुमारीच्या संसारात विष कालवल्याची, आणि ‘गुमराह’त माला सिन्हाला ब्लॅकमेल करून घाम फोडल्याची. १९६२ आणि १९६३, लागोपाठ. मग काय, निर्मात्यांनी तिला त्याच साच्यात ठोकून बसवलं. भुवई उडवायची, तिरकं हसायचं, नायिकेला छळायचं.

नायिकेच्या जिवावर उठणारी बाई नायिकेचा जीवही होऊ शकते, हे हृषीकेश मुखर्जींना दिसलं. १९६६च्या ‘अनुपमा’त शर्मिला टागोर तोंडातून शब्द काढत नाही आणि अनिता झालेली शशिकला दोघींचं मिळून बोलते. त्याच वर्षी ‘फूल और पत्थर’मध्ये ती पुन्हा खलनायिका. फिल्मफेअरनं सहअभिनेत्रीच्या बक्षिसासाठी दोन्ही भूमिका निवडल्या, म्हणजे तिच्या समोर तीच उभी! आणि बक्षीस? ते ‘दो बदन’साठी सिमी गरेवाल घेऊन गेली.