वहीत नफा, हातात ठणठणाट

मंडळी, पुढे खुर्च्या रिकाम्या आहेत, मागे उभे असलेल्यांनी या बसून घ्या. मराठी माणसाला धंदा जमत नाही वगैरे विषयावर मी बोलणार नाहीये, त्याचा मला वैताग येतो, परळपासून बोरिवलीपर्यंत रोज सकाळी शटर वर करणारी आपली माणसं दिसतातच की. मी हिशोब बघणारा माणूस, त्यामुळे एकच विषय धरून बसणारे. धंदा तोट्यात गेला की बुडतो हे सगळ्यांना कळतं, पण चांगला नफ्यातला धंदापण गटांगळ्या खातो, कारण नफा वहीत असतो आणि वाणी, गॅसवाला, कामाच्या बायका यांना पैसे रोख लागतात.

समजा मालाडच्या एक ताई आहेत, घरून फराळाची ऑर्डर घेतात. अंधेरीच्या एका कंपनीने दिवाळीला 300 बॉक्स सांगितले, 600 रुपयांना एक. म्हणजे 1,80,000 चं बिल. बॉक्समागे खर्च 450, सुटतात 150, एकूण 45,000. ताई खूश. आता तारखा बघा. भाजणी, तेल, तूप, ड्रायफ्रूट मस्जिद बंदरहून आणलं ते रोखीने, चकल्या पाडायला चार बायका लावल्या त्यांचा हिशोब रोजच्या रोज, बॉक्सवाल्याला अर्धे आधी द्यावे लागले. दिवाळीच्या आधीच 1,35,000 घरातून गेले आणि कंपनी म्हणते आमची पेमेंट सायकल 90 दिवसांची आहे मॅडम. मग ओळखीतल्या कुणाकडून महिना 3 टक्क्यांनी घेतले, तीन महिन्यांचं व्याज 12,150. नफ्यातला पाव भाग इथेच उडाला आणि हे वहीत कुठे लिहिलेलंही नसतं.

आणि ते 450 तरी खरे आहेत का? तुमची स्वतःची मजुरी धरली का त्यात? पहाटे पाचला उठून तळणाला उभं राहायचं आणि ते फुकट धरायचं, म्हणजे चकलीला नफा नाहीये, तुमच्या पाठीच्या जिवावर ती स्वस्त पडतेय. स्वतःचा पगार लावा, कमी लावा पण लावा.

ऑर्डर देताना कंपनीचा एचआरवाला हमखास म्हणतो, ताई दहा टक्के कमी करा ना. दहा टक्के ऐकायला किती साधं वाटतं! पण ते विक्रीच्या किमतीवर आहेत. 600 चे 60 गेले, तुमच्या 150 चे राहिले 90, म्हणजे नफ्यातले 40 टक्के तुम्ही हसत हसत देऊन टाकले. त्यापेक्षा भाव तोच ठेवा आणि अर्धा अ‍ॅडव्हान्स मागा. 90,000 आधी हातात आले की उसनवारी 45,000 वर येते. घासाघीस करायचीच असेल तर भावापेक्षा तारखेवर करा, असं माझं स्पष्ट मत.

जीएसटीवाल्यांचं दुखणं अजून वेगळं. महाराष्ट्रात साधारण मालाला 40 लाख आणि सेवेला 20 लाखांच्या वर उलाढाल गेली की नोंदणी लागते. समजा लाखाचं बिल केलं, वर 18,000 जीएसटी. गिऱ्हाइकाने अजून एक रुपया दिलेला नाही, पण महिन्याचं रिटर्न असेल तर पुढच्या महिन्याच्या 20 तारखेला इनपुट, म्हणजे तुम्ही खरेदीवर आधीच भरलेला जीएसटी, वजा जाऊन उरलेला टॅक्स तुम्हालाच भरायचाय, उशीर झाला की वर्षाला 18 टक्के व्याज. म्हणून टॅक्सचे पैसे आले की वेगळ्या खात्यात टाका, त्यातून पोरांच्या फिया भरू नका. आणि दुकानाचा क्यूआर घरच्या खात्याला जोडलेला असेल तर तो आजच बदला, ह्याच्यावर मी वेगळं भाषण देणार नाही.

आता कायदा तुमच्या बाजूने काय म्हणतो ते. 2006 चा एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा कायदा आहे. तुम्ही सूक्ष्म किंवा लघु उद्योग असाल, स्वतः माल बनवता किंवा सेवा देता, तर लेखी करार नसेल तेव्हा 15 दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत. म्हणजे ते 90 दिवस करारात लिहिले तरी चालत नाहीत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँक जो 'बँक रेट' नावाचा व्याजदर जाहीर करते, त्याच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. यासाठी उद्यम नोंदणी, म्हणजे अशा उद्योगांची सरकारी नोंदणी हवी, माल देण्याच्या आधी काढून ठेवा. सरकारी पोर्टलवर ती फुकट होते, पैसे मागणाऱ्या साइट्स बऱ्याच आहेत, त्यांच्या नादी लागू नका. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या दुकानदारांना मात्र ह्या वसुलीच्या तरतुदीचा फायदा मिळत नाही, उद्यम सर्टिफिकेट असलं तरी.

हां, बोला काका. बरोबर आहे तुमचं, कायदा दाखवला तर पुढची ऑर्डर कशाला देतील? नाही देणार कदाचित. म्हणून तक्रार नंतर, आधी बिलावर उद्यम नंबर आणि पैसे देण्याची शेवटची तारीख छापा. आयकरात 2024-25 च्या असेसमेंट इयरपासून, म्हणजे 2023-24 या आर्थिक वर्षाच्या हिशोबापासून, अशी मेख आहे की तुमचे पैसे मुदतीत दिले नाहीत आणि 31 मार्चपर्यंतही थकवले, तर कंपनीला तो खर्च त्या वर्षी दाखवता येत नाही, टॅक्स वाढतो. ऑर्डर देणाऱ्याला याचं काही पडलेलं नसतं, पण अकाउंट्सवाला मार्चमध्ये अशी बिलं शोधतच असतो. तेव्हा फेब्रुवारी संपता संपता उद्यम सर्टिफिकेट जोडून आठवणीचा मेल टाका, आणि तो अकाउंट्सला टाका, एचआरला नको.