एका झेलाचा एक गुण

(दृश्य: टेनेसी टायटन्सचा सामना. धिप्पाड रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणारा गडी, चेंडू काखेत घट्ट दाबून निघालाय.)

2020 चा एनएफएल, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉल लीगचा, हंगाम. टायटन्सचा डेरिक हेन्री वर्षभरात धावून तब्बल 2,027 यार्ड कापतो. एका हंगामात दोन हजारांचा टप्पा ओलांडणारा लीगच्या इतिहासातला तो आठवा खेळाडू. तिकडे न्यू ऑर्लिन्स सेंट्सचा अल्विन कमारा धावून हजारसुद्धा गाठत नाही, 932 वरच थांबतो.

मग फॅन्टसी फुटबॉलमध्ये, म्हणजे खऱ्या खेळाडूंच्या कामगिरीवर आपल्या कागदी संघाला गुण मिळवून देणाऱ्या खेळात, त्या वर्षी दोघांत सरस कोण? ते तुमच्या लीगचे, म्हणजे तुम्ही ज्या गटात खेळता त्याचे, नियम बघितल्याशिवाय सांगताच येणार नाही.

(दृश्य: घरातली ड्राफ्टची रात्र. भिंतीवर नावांच्या पट्ट्यांचा फळा.)

हे फुटबॉल अमेरिकेतलं, अंडाकृती चेंडूचं. आपल्या फॅन्टसी क्रिकेटच्या अ‍ॅपवर एकच खेळाडू लाखो जणांच्या संघात असू शकतो. इथे तसं नाही. दहा-बारा मित्र किंवा ऑफिसातले सहकारी हंगामाआधी ड्राफ्टला बसतात आणि आळीपाळीने खेळाडू उचलतात. एकाने उचलला की तो हंगामभर त्याचा. म्हणून कोणाला आधी उचलायचं, हाच सगळा खेळ.

आता हिशोब मांडू. जुन्या पद्धतीत धावून किंवा झेलून केलेल्या दर दहा यार्डांना 1 गुण, टचडाउनला, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या रेषेपार नेण्याला, 6. चेंडू गमावल्याची वजावट बाजूला ठेवली, तर हेन्रीचे होतात 316. कमाराचे, 21 टचडाउन धरून, 295. हेन्री पुढे.

पण बऱ्याच लीगमध्ये पीपीआर चालतं, म्हणजे प्रत्येक झेलाला 1 गुण जास्तीचा. हेन्रीने वर्षभरात झेल घेतले 19, कमाराने 83. नवा हिशोब: हेन्री 335, कमारा 378. वीस-एकवीस गुणांनी मागे असलेला गडी चाळीसहून अधिक गुणांनी पुढे निघून गेला. मैदानावर काहीच बदललं नव्हतं.

(दृश्य: ओकलंड, जुनी कृष्णधवल छायाचित्रं.)

नियम आणि किंमत यांची ही गाठ अगदी जन्मापासूनची. ओकलंड रेडर्स संघात भागीदारी असलेले बिल विंकनबाख यांच्या घरच्या तळघरात 1963 साली पहिला ड्राफ्ट झाला. पहिली निवड होती जॉर्ज ब्लँडा. हा पठ्ठ्या क्वार्टरबॅक म्हणून चेंडू फेकायचा आणि किकही तोच मारायचा. त्या काळी यार्डांना किंमत नव्हती, गुणफलकावर काय लागलं एवढंच मोजलं जाई. यार्ड मोजायला सुरुवात पुढे झाली, झेल त्याहून नंतर.

झेलाला गुण देण्यामागचा हेतू चांगला होता. ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत सगळे रनिंग बॅकवरच तुटून पडायचे, वाइड रिसीव्हर, म्हणजे कडेने धावत पास झेलणारे, मागे राहायचे. पीपीआरने त्यांना वर आणलं. पण त्याची दुसरी बाजू जवळून बघा.

(दृश्य: संथ गतीत स्क्रीन पास.)

क्वार्टरबॅक बाजूला छोटा पास देतो. रनिंग बॅक तो झेलतो आणि तिथेच आडवा होतो. संघाचं दोन यार्ड नुकसान. पीपीआरमध्ये या झेलाचा 1 गुण, यार्डांचे उणे 0.2, हाती येतात 0.8. आणि बचावफळीच्या मधोमध घुसून, अंगावर तिघांना घेऊन आठ यार्ड ओढत नेणाऱ्यालाही तेवढेच, 0.8! मला हे पटत नाही. झेलाला अर्धाच गुण देणाऱ्या लीग मला जास्त न्याय्य वाटतात.

(दृश्य: क्वार्टरबॅकची फेक.)

क्वार्टरबॅकचं गणित वेगळं. फेकलेले 25 यार्ड म्हणजे 1 गुण, पण धावलेले दहाच पुरतात. बॉल्टिमोरच्या लमार जॅक्सनने 2019 मध्ये फेकून 3,127 यार्ड केले, गुण 125. धावून केले 1,206, गुण 121. पायांनी जवळजवळ हाताइतकंच कमावलं. उलट पेटन मॅनिंगसारखा जागेवरून फेकणारा घ्या. 2013 मध्ये त्याचे 55 टचडाउन पास. पासला 4 गुण देणाऱ्या लीगमध्ये त्याचे 220, सहा देणाऱ्यात 330.

आणि तरीही बारा जणांच्या लीगमध्ये क्वार्टरबॅकची घाई कोणी करत नाही, कारण संघ 32 आणि प्रत्येकाला लागतो एकच. सुपरफ्लेक्स लीगमध्ये दुसरा क्वार्टरबॅकही खेळवता येतो. मग 32 पैकी 24 लगेच उचलले जातात, आणि संघांच्या सुट्टीच्या आठवड्यात लीगमध्ये मारामार सुरू होते.

टंचाईचं खरं उदाहरण मात्र टाइट एंडचं, म्हणजे बचावपटूंना अडवणाऱ्या आणि पासही झेलणाऱ्या गड्याचं. 2020 मध्ये पीपीआरने कॅन्सस सिटीच्या ट्रॅव्हिस केल्सीचे 313 गुण झाले, आणि त्याच जागेवरचा तिसऱ्या क्रमांकाचा खेळाडू 180 च्याही आत राहिला. रिसीव्हरांमध्ये एवढी दरी पडत नाही. म्हणून केल्सी पहिल्या-दुसऱ्या फेरीतच जायचा. त्यातून टाइट एंडच्या झेलाला दीड गुण देणारी लीग असेल, तर ही दरी आणखी रुंदावते.

(दृश्य: पंच साखळी ताणून अंतर मोजताहेत.)

हल्ली काही लीग झेलाऐवजी फर्स्ट डाउनला, म्हणजे चार प्रयत्नांत दहा यार्ड पुरे करून नव्याने चार प्रयत्न मिळवण्याला, गुण देतात. तिसऱ्या प्रयत्नात एक यार्ड हवंय, सगळ्यांना ठाऊक आहे चेंडू कोणाकडे जाणार, आणि तरी तो ते यार्ड काढतो. हा नियम मला मनापासून आवडतो. अशा लीगमध्ये ड्राफ्टला बसलात, तर हेन्रीच्या जातीचे रनिंग बॅक यादीत एक-दोन घरं वर सरकवा.