परतीच्या नळीवरचा कूलर

मुलुंडमधल्या एका सोसायटीच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये रविवारी सकाळी एका जुन्या ऑटोमॅटिक गाडीचा पुढचा बंपर उतरवून जुन्या चादरीवर ठेवला आहे. समोर दिसणारी बारीक पात्यांची जाळी एसीच्या कंडेन्सरची असून तिच्यामागे रेडिएटर आहे. या दोहोंच्या पुढे गाडीचे मालक आणखी एक कूलर बसवणार आहेत, तो गिअरबॉक्सच्या तेलासाठी.

हे तेल इतके तापते कशाने, ते पूर्व द्रुतगती मार्गावरच्या गर्दीत कळते. टॉर्क कन्व्हर्टर असलेल्या गाडीत इंजिनाचा जोर गिअरबॉक्सपर्यंत तेलामार्फत पोहोचतो. मोकळ्या रस्त्यावर लॉकअप क्लच इंजिनाची आणि गिअरबॉक्सची बाजू एकमेकींना जखडतो आणि दोहोंच्या वेगातली घसरण थांबते. पण गाडी चार हात पुढे सरकून पुन्हा थांबत असेल, तर लॉकअप लागतच नाही आणि घसरणीत वाया गेलेली शक्ती उष्णता होऊन तेलात उतरते. कंपनीने दिलेला कूलर बहुतेक गाड्यांत रेडिएटरच्याच टाकीत असतो, म्हणजे तेल निववायला पाणी मिळते तेही इंजिनाने तापवलेले.

सोसायटीच्या आवारात असले काम कशाला, असे म्हणणाऱ्यांनी हा भाग जरा सावकाश पाहावा. रेडिएटरला तेलाच्या दोन नळ्या आहेत. एकीतून गरम तेल येते, दुसरीतून ते गिअरबॉक्सकडे परत जाते, आणि नवा कूलर या परतीच्या नळीवरच बसवायचा असतो. मालकांनी थंड इंजिन सुरू केले आणि पंख्यापासून हात दूर ठेवून भाच्याला दोन्ही नळ्या चाचपायला सांगितल्या. "मामा, ही आधी तापली." मामांनी दुसरीवर पांढरी चिकटपट्टी लावली.

इंजिन बंद करून ती नळी पाइप कटरने कापली, कारण करवतीचा कीस आत गेला तर तो थेट गिअरबॉक्समध्ये पोहोचतो. खालच्या ट्रेमध्ये पडणारे लालभडक थेंब त्याच तेलाचे आहेत. कापलेल्या टोकाला कडेने उंचवटा उठवला आहे, त्यामुळे त्यावर चढवलेला होज, म्हणजे रबरी नळी, दाबाखाली निसटत नाही. होजही गिअरबॉक्सच्या तेलासाठीचाच लागतो. पाण्याचा होज या तेलाने फुगतो. किटसोबत कंडेन्सरच्या जाळीतून ओवायच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या आल्या होत्या, त्या मालकांनी बाजूला ठेवल्या. हादऱ्यांनी त्या कंडेन्सरला घासत राहतात. त्याऐवजी त्यांनी ॲल्युमिनियमच्या पट्ट्या वाकवून कूलर चौकटीला बोल्टने आवळला, मागे बोटभर जागा सोडून.

कूलर आणि होज भरायला जास्तीचे तेल लागले. गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या प्रतीचेच तेल थोडे थोडे घातले, सपाट जागेवर इंजिन चालू ठेवून गिअर 'पी'वर (पार्क) नेला आणि तेल तापल्यावर डिपस्टिकने पातळी पाहिली. पांढऱ्या रुमालावर उमटलेला हा डाग स्वच्छ लाल आहे.

वॉरंटी चालू असलेल्या गाडीत असा बदल करण्यापूर्वी तिच्या अटी वाचाव्यात आणि उतरवलेले तेल गटारात न ओतता गॅरेजमध्ये द्यावे.

बंपर चढल्यावर जाळीआड कूलरच्या दोन-तीन पट्ट्या तेवढ्या दिसतात. रात्री गाडीखाली कोरा पुठ्ठा सरकवून ठेवला होता. सोमवारी सकाळी त्यावर धूळ होती, तेलाचा ठिपका नव्हता.