पट्टी दिसली, म्हणजे विकर सापडलं का?

मंडळी, उपाशीपोटी चरबीच्या पेशीतलं ट्रायग्लिसराइड, म्हणजे साठवलेली चरबी, फोडतं कोण, या प्रश्नाला अनेक वर्षं एकच उत्तर दिलं जाई: हॉर्मोन-सेन्सिटिव्ह लायपेज. २००४ साली ऑस्ट्रियात ग्राट्स इथल्या रुडॉल्फ झेखनर यांच्या गटाने दाखवून दिलं की पहिला घाव घालतं ते दुसरंच विकर (एन्झाइम), एटीजीएल, म्हणजे अॅडिपोज ट्रायग्लिसराइड लायपेज. आज आपल्याला बोलायचंय ते एटीजीएल ओळखणाऱ्या सशाच्या पॉलिक्लोनल अँटिबॉडीबद्दल.

सशाला या प्रथिनाचा तुकडा टोचतात, काही आठवड्यांनी पुन्हा टोचतात. सशाच्या अँटिबॉडी बनवणाऱ्या निरनिराळ्या बी-पेशी त्या तुकड्याचे निरनिराळे भाग ओळखतात, म्हणून सीरममध्ये अनेक अँटिबॉडींचं मिश्रण मिळतं; पॉलिक्लोनल म्हणतात ते यालाच. वेस्टर्न ब्लॉटमध्ये, म्हणजे प्रथिनं वजनानुसार वेगळी करून हवं ते अँटिबॉडीने पट्टीच्या रूपात दाखवण्याच्या चाचणीत, प्रथिन उलगडलेलं असतं, तरी त्यातली कुठली ना कुठली त्याला धरते. हे तिचं मोठं बळ. पण ससा बदलला की मिश्रणही बदलतं. अँटिबॉडीचा लॉट (खेप) क्रमांक वहीत लिहा, असं मी प्रत्येक विद्यार्थ्याला सांगतो ते यासाठीच.

खरी अडचण पुढे आहे. माणसाचं एटीजीएल ५०४ अमिनो आम्लांचं, ब्लॉटवर साधारण ५५ किलोडाल्टनच्या (प्रथिनाच्या वजनाचं एकक) आसपास दिसणारं. त्याचं भावंड पीएनपीएलए-३ हे ४८१ अमिनो आम्लांचं. दोघांच्या सुरुवातीच्या टोकाला सारखाच पॅटाटिन भाग आहे. बटाट्याच्या कंदातल्या पॅटाटिन प्रथिनाशी नातं सांगणारा. टोचलेला तुकडा या भागातला असेल, तर अँटिबॉडी दोघांनाही धरू शकते, आणि वजन इतकं जवळचं की पट्टी कुणाची हे नुसतं पाहून कळणार नाही. यकृताच्या नमुन्यात तर ही शंका घ्यायलाच हवी, कारण माणसात पीएनपीएलए-३ तिथे भरपूर असतं. मी शेवटच्या टोकाचा तुकडा वापरून केलेली अँटिबॉडी निवडतो.

पण निवड म्हणजे पुरावा नव्हे. पुरावा मिळतो तो एटीजीएलचं जनुक काढून टाकलेल्या उंदरांच्या उतीतून. असे उंदीर २००६ पासून अभ्यासले गेले आहेत. त्यांच्या हृदयात चरबी साचत जाते आणि ते अकाली मरतात. त्यांच्या उतीच्या अर्कातही पट्टी उमटली, तर ती एटीजीएलची नाही. तिथे वाद संपतो. उंदीर मिळत नसतील, तर जनुक काढलेल्या पेशी वापरा. पण हा नमुना सोडून पुढे जाऊ नका. उंदरावर सिद्ध झालेली अँटिबॉडी माणसाच्या उतीवर पुन्हा तपासावी लागते, हेही ओघाने आलंच.

पट्टी गडद म्हणजे विकर जोरात, असंही धरू नका. सीजीआय-५८ हे प्रथिन त्याला चालना देतं, जी-झिरो-एस-टू हे प्रथिन त्याला रोखतं. प्रमाण तेवढंच राहून काम कितीतरी बदलू शकतं. कामाचं मोजमाप करायचं तर सुटणारी मेदाम्लं मोजा.

आणि इम्युनोप्रेसिपिटेशन, म्हणजे अँटिबॉडीने प्रथिन मिश्रणातून ओढून काढणं, करणाऱ्यांसाठी एक. ओढायलाही सशाची अँटिबॉडी आणि ब्लॉटलाही सशाचीच वापरलीत, तर अँटिबॉडीची स्वतःची जड साखळी ५० किलोडाल्टनला उमटते आणि एटीजीएलची पट्टी झाकून टाकते. तिथे दुय्यम अँटिबॉडी, म्हणजे पहिलीला धरून पट्टी दाखवणारी, फक्त हलकी साखळी ओळखणारी घ्या.