आधी थांबायला शिकवा

नमस्कार श्रोतेहो. आज गाडी शिकण्याविषयी बोलायचंय, पण हे बोलणं शिकणाऱ्या पोरापोरींपेक्षा शिकवणाऱ्यांसाठी जास्त आहे. आपल्या सांगली भागात चारचाकीचे क्लास गल्लोगल्ली आहेत, पण मोटरसायकल शिकवतं कोण? मामा शिकवतो, थोरला भाऊ शिकवतो, नाहीतर शेजारचा मित्र. आणि पद्धत सगळ्यांची एकच. पोरगं गाडीवर बसतं, मामा मागचं कॅरिअर धरून पळतो आणि ओरडत राहतो, क्लच सोड, क्लच सोड, रेस दे रेस दे. गाडी झटका मारून सुटते, पोरगं खूष, मामा खूष, आणि पुढं कंपाउंडची भिंत आली की मग सगळ्यांना आठवण होते की अरे, ब्रेक सांगायचा राहिलाच.

म्हणून माझं एकच सांगणं आहे आणि ते मी आज दोन-तीनदा सांगणार आहे. आधी थांबायला शिकवा, मग निघायला, आणि पळवायचं सगळ्यात शेवटी.

हे मी तरुण पोरांना सांगून सांगून थकलो होतो, पण एका मावशींनी ते न सांगता ओळखलं. त्यांचीच गोष्ट सांगतो.

मावशी कृष्णाकाठच्या, पलूस तालुक्यातल्या. वय पन्नाशीच्या पुढं. घरात दोन दुभत्या म्हशी, मुलगा पुण्याला कंपनीत, आणि मालकांचे गुडघे गेलेले, किक मारणं सोडाच पण गाडीवर टांग टाकणंही होत नव्हतं. डेअरी लांब, रोज सकाळ-संध्याकाळ दूध घालायचं, आणि दारात उभी फक्त मालकांची जुनी स्प्लेंडर. लोक म्हणाले स्कुटी घ्या. मावशी म्हणाल्या, घरात गाडी असताना दुसरी कशाला? तर अशा त्या माझ्याकडं आल्या. पंजाबी ड्रेस घालून, ओढणी मागं घट्ट गाठ मारून. हे मला फार आवडलं, कारण ओढणी नाहीतर पदर मागच्या चाकात जाऊन किती वाईट होतं हे आपल्याकडं सगळ्यांना माहीत असतं, तरी रोज रस्त्यावर लोंबणारे पदर दिसतातच.

आणि पहिलं वाक्य काय तर, "दादा, मला पळवायची न्हाय शिकायची. थांबवायची कशी ते आधी सांग. पळंल ती आपोआप."

आता शिकवायचं कुठं हाही प्रश्न. पूर्वी प्रत्येक गावात एखादं माळरान असायचं, बाजाराचं पटांगण असायचं, आता जिथं बघावं तिथं प्लॉट पाडलेत. पोरांना खेळायला जागा नाही आणि गाडी शिकायलाही नाही, मग ती थेट हायवेवर शिकतात. ग्रामपंचायतींनी एक मोकळी जागा तरी राखून ठेवली पाहिजे, हे माझं ठाम मत आहे. आम्ही विचारून साखर कारखान्याच्या आवारात गेलो. उन्हाळ्यात गाळप बंद असतं, बैलगाड्या आणि ट्रॅक्टर उभे राहतात ती सगळी जागा रिकामी.

पहिल्या दिवशी इंजिन चालूच केलं नाही. चावी माझ्या खिशात. गाडी न्यूट्रलला, मावशी वर बसलेल्या आणि मी मागून ढकलतोय. मी म्हणलं की त्यांनी थांबवायचं. नुसता पायाचा ब्रेक मारून बघा, मग नुसता हाताचा, मग दोन्ही. हाताचा दाबताना झटकन आवळायचा नाही, आधी हलका आणि मग घट्ट. गाडीचं वजनच एकशे दहा-बारा किलो, त्यात मावशींचं वजन, आणि ढकलून ढकलून माझा घाम निघाला, पण तासाभरात मावशींच्या बोटांना कळलं की पुढच्या ब्रेकमध्येच खरा जोर आहे. आपल्याकडं पुढच्या ब्रेकची फार भीती घालून ठेवलीय, पुढचा दाबलास तर उलटा पडशील म्हणून. अहो, ब्रेक लागला की सगळं वजन पुढच्या चाकावर येतं, मागचं चाक हलकं होतं, मग नुसता मागचा दाबून गाडी थांबणार कशी? ती घसरत जाते. गाडी सरळ असताना दोन्ही ब्रेक एकदम. वळणात, वाळूत, ओल्या मातीत पुढचा जपून. एवढंच लक्षात ठेवा, गाडी सरळ असताना दोन्ही ब्रेक एकदम.

मग क्लच. इंजिन चालू, पहिला गिअर, रेस अजिबात नाही. क्लच हळूहळू सोडायचा, गाडी हलायला लागली की परत दाबायचा. हलली, दाबला, थांबली. परत. तरण्या पोरांना याचा कंटाळा येतो. मावशींनी सगळी सकाळ तेच केलं आणि मला म्हणाल्या, "हे म्हशीच्या पान्ह्यासारखं हाय बघ, घाई केली की ती आखडती." मी इतकी वर्षं हाफ क्लच समजावतोय पण इतकं सोपं करून मलाही सांगता आलं नव्हतं.

पुढचे गिअर, वळण, इंडिकेटर, आरशात बघणं, मान वळवून मागं बघणं, हे सगळं झालं. मग मावशी म्हणाल्या आता किटल्या लावू. दूध नको, पाणी भरू. दोन्ही बाजूला दोन किटल्या. इथं एक गोष्ट त्यांनीच शोधून काढली. किटली गळ्यापर्यंत भरलेली असली तर गाडी शांत चालते, अर्धी असली की आतलं पाणी हिंदकळतं आणि वळताना गाडी नको तिकडं ओढते. म्हणून दूध दोन्हीकडं सारखं घालायचं. आणि ओझं असलं की गाडी थांबायला जास्त अंतर लागतं, म्हणून ब्रेक आधीपासून. रिकाम्या गाडीवर शिकून दुसऱ्या दिवशी किटल्या लावणारे, गॅसची टाकी बांधणारे, बायको-पोराला बसवणारे जे असतात त्यांनी हे ऐकावं.

त्याच वर्षी हंगाम सुरू झाल्यावरची गोष्ट. थंडीचे दिवस, पहाट, नदीकाठचं धुकं. मावशी दूध घेऊन निघालेल्या. मी त्यांना एक नियम दिला होता, जेवढं दिसतंय तेवढ्यात थांबता आलं पाहिजे, त्याच्या वर स्पीड नाही. त्या सायकलच्या वेगानं चालल्या होत्या, मागून एक-दोघं हॉर्न मारून पुढं गेले, यांनी लक्ष दिलं नाही. आणि समोर धुक्यातनं एकदम उसाची वाढं दिसली. डबल ट्रॉली, टायर बसलेला, रस्त्यातच उभी. मागं लाईट नाही, रेडियम नाही, काही नाही. मावशींनी दोन्ही ब्रेक लावले, गाडी सरळ रेषेत थांबली, ट्रॉलीच्या आणि पुढच्या चाकाच्या मधी हातभर अंतर. दूध सांडलं नाही.

पुढं त्यांनी काय केलं ते बघा. गाडी रस्त्याच्या खाली बांधावर घेतली, ट्रॅक्टरवाल्याला असा काही झाडला की तो झोपेतनं पुरता जागा झाला, त्याला ओढ्याकडच्या बाभळीच्या फांद्या तोडायला लावल्या, आणि त्या पन्नास-साठ पावलं मागं रस्त्यावर टाकायला लावल्या. स्वतः कडेला मोबाईलची बॅटरी लावून उजाडेपर्यंत थांबल्या. डेअरीची वेळ गेली, सकाळचं दूध घरी परत आणलं आणि विरजण लावलं.

ट्रॅक्टर मालकांना माझी हात जोडून विनंती आहे. ट्रॉलीवर मोठे स्पीकर बसवता, रंगीत लाईटी पुढं लावता, मग मागच्या फळीला लाल रेडियमची पट्टी लावायला किती वेळ लागतो? या मोसमात तासगाव, पलूस, वाळवा, कराड सगळीकडच्या रस्त्यावर पहाटे दूधवाले, शाळेची पोरं, कामगार दुचाकीवर असतात. त्यांचा जीव त्या पट्टीवर आहे.

आता वेळ थोडा राहिलाय, बाकीचं पटकन सांगतो. ४० च्या स्पीडला गाडी एका सेकंदात ११ मीटर जाते, म्हणजे धोका दिसून बोटं ब्रेकवर जाईपर्यंतच एवढं अंतर गेलेलं असतं. आणि स्पीड दुप्पट केला तर ब्रेक लावल्यावर थांबायचं अंतर दुप्पट नाही, चौपट होतं. २० वरनं ४० ला गेलात की चौपट. हे पोराला तोंडी सांगू नका, मैदानात खडूनं रेघ मारा, तिथं ब्रेक दाबायला लावा आणि गाडी कुठं थांबते ते त्यालाच पावलांनी मोजू द्या.

हेल्मेट आयएसआय मार्कचं, पट्टा लावलेलं. शिकतानाही आणि मैदानातही. भाऊबीजेला बहिणीला साडी देता, छान आहे, पण बहीण गाडी चालवत असेल तर यंदा चांगलं हेल्मेट द्या, आणि तिला दुकानात नेऊन डोक्यात घालून बघून घ्या, सैल नको.

लर्निंग लायसन्स निघाल्याशिवाय रस्त्यावर आणायचं नाही. गिअरच्या गाडीला १८ वर्षं पूर्ण लागतात. नववी-दहावीच्या पोराच्या हातात बुलेट देणाऱ्या वडिलांनी कायदा ऐकून ठेवा, २०१९ च्या दुरुस्तीनंतर पालकाला किंवा मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द होते, आणि त्या पोराला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन्स मिळत नाही.

लर्निंग सहा महिने चालतं, आणि पक्क्या लायसन्सची टेस्ट ३० दिवसांनंतर देता येते. ते ३० दिवस नुसते जाऊ देऊ नका. रोज संध्याकाळी अर्धा तास काढा, पहिल्या आठवड्यात फक्त ब्रेक आणि हाफ क्लच, मग वळणं, मग गावातला रस्ता, आणि हायवे अगदी शेवटी, दिवसाउजेडी, तुम्ही दुसऱ्या गाडीवर मागं असताना. मागं बसून खांद्यावरनं ओरडायचं मात्र नाही. काही सांगायचं असेल तर गाडी कडेला घ्या, इंजिन बंद करा आणि मग बोला.

पुढच्या बुधवारी याच वेळेला पावसातली गाडी आणि टायरची हवा यावर बोलू. नमस्कार.